आठांतले सहा

"आता मी दिव्याच्या चित्राला हात लावतो," असं म्हणून समोरच्या गृहस्थांनी दिव्याच्या चित्राला हात लावला आणि माझ्या हातातलं पेनाचं टोपण तिसऱ्यांदा खाली पडलं.

ते सहावे होते. सकाळी दहापासून त्या लाकडी खुर्चीवर सहा माणसं बसली होती. त्यात एक किराणा दुकानदार होता, दोन शेतकरी बायका होत्या, एक निवृत्त कंडक्टर होते. सहाही जणांनी फोन हातात घेतल्या घेतल्या तो दिवा दाबला होता. चाचपडणं नाही, डोकं खाजवणं नाही, "हे काय आहे" नाही. ॲप पहिल्यांदा बघणारा माणूस असा वागत नाही. खरं म्हणजे मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी खुर्चीत बसवत नव्हतं.

माझं काम सांगायला सोपं आहे. एखादं ॲप लोकांच्या हाती देण्याआधी ते त्यांना वापरता येतं का, हे बघायचं. माणूस समोर बसवायचा, त्याला एक काम सांगायचं, मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा म्हणायचं, आणि मग तोंडाला कुलूप लावून तो काय करतो ते लिहून घ्यायचं. तो अडला तर अडू द्यायचा, चिडला तर चिडू द्यायचा. मदत करायची नाही. केलीच, तर ते काम त्याला जमलं नाही असं धरायचं. अनोळखी माणूस गाडी मागे घेत असला तरी "जरा डावीकडे" म्हटल्याशिवाय जिला राहवत नाही, अशा मुलीला हे काम कुणी दिलं, असा प्रश्न माझ्या आईला आजही पडतो. पण तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते, चार वर्षं हेच करत होते आणि चार वर्षांत एकदाही मध्ये बोलले नव्हते. त्याचा मला भलताच गर्व होता.

गोष्ट दोन हजार सोळा सालच्या जून महिन्यातली. साताऱ्याच्या पुढे एका तालुक्याच्या गावात डॉक्टर कणसे म्हणून जनावरांचे डॉक्टर होऊन गेले. गाई-म्हशी तपासायला खेडोपाडी फिरताना लोकांनी अडगळीत टाकलेल्या वस्तू ते मागून आणत. कुलपं, दिवे, अडकित्ते, धान्याची मापं. ते गेल्यावर त्यांच्याच दवाखान्याच्या इमारतीत चार खोल्यांचं संग्रहालय झालं. आमच्या पुण्याच्या छोट्याशा कंपनीने त्या संग्रहालयासाठी ॲप केलं होतं. वस्तू शोधायची, फोन कानाला लावायचा, माहिती ऐकायची. शोधायच्या जागी सगळे भिंग दाखवतात. आमचा मालक नचिकेत म्हणाला, दिव्यांचं संग्रहालय आहे, आपण लावलेली समई दाखवू, अंधारात वस्तू शोधायला दिवाच लागतो की नाही. मी भांडले आणि हरले. ऑफिसातल्या चहावाल्या मावशींपासून अकाउंटंटपर्यंत एकालाही ती समई म्हणजे शोधायची खूण आहे हे कळलं नव्हतं. आणि इथे सहापैकी सहा जण तिच्यावर अचूक बोट ठेवत होते.

ही चाचणी एरवी माझ्या डोक्याला एवढी लागली नसती. पण आदल्या दिवशी ट्रस्टचे अध्यक्ष सुहासराव कणसे, म्हणजे डॉक्टरांचे चिरंजीव, यांनी मला बसवून सगळं स्पष्ट सांगितलं होतं. आठ माणसांवर चाचणी करा. आठांतल्या सहांना जमलं तर ऑगस्टपासून ॲप सुरू, आणि शेडगे गुरुजींना थांबवायचं. नाही जमलं तर ॲपचा नाद सोडायचा आणि जसं चाललंय तसं चालू द्यायचं. गुरुजींना त्यांनी अजून काही सांगितलं नव्हतं. "उगाच मनाला लावून घेतील," असं ते म्हणाले, तेव्हा गुरुजी बाहेर माझ्यासाठी कमी साखरेचा चहा सांगत होते.

शेडगे गुरुजी म्हणजे तिथले माहिती देणारे. वय अडुसष्ट. प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन अकरा वर्षं या चार खोल्यांत शिकवत होते म्हणा ना. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, वस्तू दाखवायला हातात फुटपट्टी. एका कुलपावर ते चाळीस मिनिटं बोलत आणि लोकांची एसटी चुकवत. लोक रागावत, पण पुढच्या वेळी पाहुण्यांना घेऊन परत येत. चाचणीला माणसं आणायचं कामही सुहासरावांनी गुरुजींवरच टाकलं होतं. ज्या चाचणीवर आपली जागा अवलंबून आहे, तिच्यासाठी तो माणूस उन्हातून सायकलवर घरोघर फिरून आठ जण गोळा करत होता. मला हे सगळं ठाऊक होतं आणि मी गप्प होते. गप्प बसणं हाच माझा धंदा होता.

सातवे धनाजी नावाचे डेअरीतले गृहस्थ आले. कामं तीन असायची, प्रत्येकाला तीन मिनिटं, आणि तिन्ही झाली तरच जमलं असं धरायचं. पहिलं, अडकित्ता शोधून त्याची माहिती ऐकणं. दुसरं, नकाशावर मापांची खोली काढणं. तिसरं, आवडलेली वस्तू जपून ठेवणं. का कोण जाणे, माझा धीर सुटला आणि मी क्रम बदलला. मी त्यांना आधी नकाशाचं काम सांगितलं.

"आता मी दिव्याच्या चित्राला हात लावतो," धनाजी म्हणाले. मग त्यांनी दुसरी ओळ दाबली, मग तिसरं चित्र. अडकित्त्याची माहिती सुरू झाली. त्यांनी फोन टेबलावर ठेवला, हाताची घडी घातली आणि सांगितलं, "झालं."

मी विचारलं, मी काय करायला सांगितलं होतं?

"पयलं ना? पयलं अडकित्त्याचंच असतंय की."

मी पेन खाली ठेवलं. धनाजींच्या कपाळावर घाम आला. ते खिडकीकडे बघायला लागले आणि मग सगळं सांगून मोकळे झाले. आदल्या संध्याकाळी गुरुजींनी आठही जणांना मारुतीच्या देवळात बसवलं होतं. प्रश्नांचा कागद मीच छपाईसाठी संग्रहालयाच्या मेलवर पाठवला होता, आणि ॲप तर संग्रहालयाच्या ऑफिसातल्या फोनवर होतंच. तीन प्रश्न, तीन उत्तरं, प्रत्येकाकडून चार-चार वेळा घोकून घेतली होती. बोलत बोलत करायचं, हेसुद्धा शिकवलं होतं.

गुरुजी मागच्या नळावर चहाचे ग्लास विसळत होते. मी तावातावाने गेले. माझा चार वर्षांचा गर्व, पुण्याहून केलेला प्रवास, दोन दिवसांचं काम, सगळं या माणसाने मातीत घातलं होतं. मी काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही. फसवणूक हा शब्द नक्की वापरला.

गुरुजींना जराही लाज वाटली नाही, उलट नवलच वाटलं. तपासणीच्या आधी एकदा उजळणी घ्यावीच लागते, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. साहेब येतात, प्रश्न विचारतात, पोरगं उभं राहतं आणि घाबरून गप्प होतं. वर्गात सगळं येत असतं, पण साहेबाच्या वहीत ढ म्हणून लागतं. असं होऊ द्यायचं नसतं. मी म्हटलं, अहो, परीक्षा माणसांची नाहीच, ॲपची आहे, मी प्रत्येकाला तेच सांगते.

"मग तुमच्या कागदावर माणसाच्या नावापुढं पास-नापास कशाला छापलंय?" गुरुजींनी विचारलं.

ते सुहासरावांनी छापायला लावलं होतं. जमलं तर एक, नाही तर शून्य, असे आमचे तक्ते त्यांना कळत नव्हते. म्हणजे गुरुजींचं बरोबर होतं, आणि समोरच्याचं बरोबर असलं की मी जास्तच भडकते.

"गुरुजी, तुम्ही शिकवलंत म्हणून ॲप पास होतंय," मी म्हटलं. "आणि ते पास झालं, तर ऑगस्टपासून तुमचं इथलं काम बंद आहे. सुहासरावांनी ठरवलंय."

बोलून गेले आणि जीभ चावली. गुरुजी हातातला ग्लास विसळत राहिले. तो केव्हाच स्वच्छ झाला होता.

"त्यांनी मला सांगितलं, ॲप तुमच्या मदतीला आहे," ते म्हणाले. मग नळ बंद केला. "पेन्शन आहे मला, बाई. पोटाचं काही नाही. पण सकाळी आंघोळ करून मी जायचं कुठं?"

मला रडू आलं असतं, पण रागाने माझे डोळे आधीच गरम झाले होते. मी तिथेच येरझाऱ्या घालायला लागले. खरं सांगितलं, तर सुहासराव गुरुजींना आजच्या आज घालवणार, तेही चोरी पकडल्यासारखं. झालेला निकाल पाठवला, तर ऑगस्टमध्ये शाल-नारळ देऊन घालवणार. ज्या बाजूने जावं त्या बाजूला दार बंद. शेवटी मी फोन काढला आणि सुहासरावांना सांगितलं की माझ्या चुकीने आजचं रेकॉर्डिंग उडालं, उद्या नव्या आठ माणसांवर सगळं पुन्हा करावं लागेल. त्यांनी मला फोनवर चांगलंच झापलं. नचिकेतने त्याहून जास्त. माणसं या वेळी सुहासरावांच्या मॅनेजरने आणायची, असं ठरलं.

फोन ठेवून मी गुरुजींना म्हटलं की उद्या तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही. कुणाला शिकवायचं नाही, खूण करायची नाही, खोकायचंसुद्धा नाही. शिकवलं नाहीत, तर हे ॲप सहा जणांना जमत नाही, हे मी लिहून देते. त्यांनी शब्द दिला.

"आठांतले सहा म्हणजे पंचाहत्तर टक्के," ते म्हणाले. "पस्तिसाला पास करायची पद्धत मोडली वाटतं." आणि हसले. मला हसता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुजी व्हरांड्यातल्या बाकावर खिडकीला पाठ करून बसले. मला त्यांचं डोकं, मान आणि बाकाच्या पाठीवर टाकलेला एक हात दिसत होता. प्रत्येक जण बाहेर पडला की ते त्याच्याकडे एकदा बघायचे. जमलेला माणूस हसत बाहेर पडतो, न जमलेला घाईने चपला घालतो. जमलं असेल तर गुरुजी हाताचं एक बोट मिटायचे.

मी त्या दिवशी माझ्या धंद्याला काळिमा फासला. कारण समोरच्या माणसाला जमू नये, असं मला मनापासून वाटत होतं. पहिल्या दोन कॉलेजच्या पोरी होत्या. त्यांनी दिसेल ते दाबून पाहिलं, त्यात समईही दाबली आणि सुटल्या. मी त्यांच्यावर चिडले. तिसरा रिक्षावाला, त्यालाही जमलं. मग एक आजी आल्या. त्या फोनवर नातवाशी व्हिडिओने बोलतात म्हणे, पण समईला वळसा घालून सगळीकडे फिरल्या आणि तीन मिनिटं संपली. मला इतकं बरं वाटलं की माझी मलाच लाज वाटली. पाचव्या बाईंचंही तसंच झालं. त्यासुद्धा समईच्या अगदी जवळ बोट नेऊन मागे घेत होत्या. का, ते माझ्या लक्षात आलं नाही. लक्ष होतंच कुठे. मी घड्याळ बघत होते, पाय हलवत होते, खिडकीतून दिसणारी बोटं मोजत होते. सहावा आणि सातवा, दोघेही तरुण, झाले एकदाचे पास. तीन वाजता हिशेब असा होता: पाच पास, दोन नापास, एक बाकी. गुरुजींची मूठ पूर्ण मिटलेली होती.

आठवा माणूस आलाच नाही. मॅनेजरने घड्याळ पाहिलं, रस्ता ओलांडला आणि समोरच्या ब्लाउज शिवणाऱ्या दुकानातून एका बाईंना तसंच उठवून आणलं. गळ्यात टेप, पदराला दोऱ्याचे तुकडे, वय पन्नाशीच्या पुढे. नाव मालन जगताप. त्यांनी चपला व्हरांड्याच्या पायरीखालीच काढल्या. बाकावर गुरुजींना बघून डोक्यावरून पदर घेतला आणि काही न बोलता आत आल्या.

वीस वर्षं समोर दुकान आहे, पण आत कधी आले नाही, असं त्या म्हणाल्या. मग खुर्चीच्या अगदी टोकावर बसून त्यांनी विचारलं, "परीक्षा हाय का, ताई?"

मी माझं नेहमीचं वाक्य म्हटलं. परीक्षा तुमची नाही, ॲपची आहे.

"समदी असंच म्हणत्यात," मालनताई म्हणाल्या.

माणसाने फोन हातात घेतला की मी त्याच्या अंगठ्याकडे बघते. तोंड काहीही सांगो, अंगठा खोटं बोलत नाही. मालनताईंचा अंगठा सुईने टोचून टोचून खरखरीत झाला होता आणि पडद्याला टेकण्याआधी दरवेळी थबकत होता. तरी नकाशाचं काम त्यांनी सव्वा मिनिटात केलं. आवडलेली वस्तू जपून ठेवायचंही जमलं, पितळी मापटं निवडलं त्यांनी. राहिला अडकित्ता.

त्यांनी वरपासून खालपर्यंत पडदा वाचला, एकेक अक्षर लावत. मागे गेल्या. पुन्हा पुढे आल्या. एक मिनिट झालं. दोन झाली. अंगठा समईपाशी जाऊन थांबला आणि मागे आला. बाहेर गुरुजींची मान ताठ झालेली मला दिसत होती. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, हलले नाहीत, दिलेला शब्द त्यांनी पाळला. मालनताईंच्या ओठांवर घाम आला होता. मनात येईल ते बोला, अशी मी त्यांना आठवण केली. तेवढं मला चालतं.

"काय बोलू," त्या पुटपुटल्या. "समदं दाबून बगितलं. ह्यो दिवाच तेवढा ऱ्हायला. पन लागल्याल्या दिव्याला कशाला हात लावायचा उगं? इजला म्हंजे?"

आणि मला ते लख्ख कळलं. आजींचा वळसा, पाचव्या बाईंचं मागे घेतलेलं बोट, सगळं. या बायकांना ॲप कळत नव्हतं असं नाही. त्या लावलेल्या दिव्याला हात लावत नव्हत्या. लहानपणापासून त्यांना तेच सांगितलेलं होतं आणि त्या शहाण्यासारख्या वागत होत्या. मूर्ख आम्ही होतो. घड्याळात दोन मिनिटं चाळीस सेकंद झाली होती. आणखी वीस सेकंद मी जीभ दाताखाली धरली असती तर झालं असतं. पण मालनताईंच्या डोळ्यांत पाणी जमलं होतं, आणि चूक त्यांची मुळीच नव्हती.

"लावा हात," मी म्हटलं. "विझत नाही तो."

चार वर्षांत पहिल्यांदा. माझाच आवाज मला परका वाटला. खिडकीबाहेर गुरुजी गर्रकन वळले.

मालनताईंनी दिवा दाबला. यादी उघडली, अडकित्ता सापडला, माहिती बोलायला लागली. त्यांनी फोन दोन्ही हातांनी कानाला धरला आणि त्यांचा सगळा चेहरा हसला. मीही हसले. मग ध्यानात आलं की मी मदत केली आहे. मदत केली म्हणजे नियमाप्रमाणे जमलं नाही. म्हणजे पाचच. म्हणजे ॲप गेलं आणि गुरुजी राहिले. आणि हे सगळं अगदी नियमात बसून, एक अक्षरही खोटं न लिहिता. मला इतका आनंद झाला की काय करू सुचेना. मी पेन घेतलं. सकाळपासून मी पास-नापासच्या रकान्यात नुसत्या खुणा करत होते. या वेळी मी अख्खा शब्द लिहिला, चांगला मोठ्या अक्षरात, आणि खिडकीतून गुरुजींना वाचता यावा म्हणून कागद उचलून तिकडे वळवला.

गुरुजींनी वाचला. मालनताईंनीही वाचला.

"ना, पा, स," त्या बोट लावून म्हणाल्या. हसू अजून तोंडावर तसंच होतं, ते कसं काढायचं हे त्यांना समजत नव्हतं. मग त्या खिडकीकडे वळल्या. "आता बी नापासच व्हय, गुरुजी?"

गुरुजी व्हरांड्यातून आत आले. चप्पल काढायची राहिली त्यांची. मालनताई उठून उभ्या राहिल्या, वर्गात राहतात तशा. मी घाईघाईने समजावू लागले की हे तुमच्याबद्दल नाही, मी बोलले म्हणून तसं लिहावं लागतं, चूक माझी आहे. त्या "हां, हां" म्हणत होत्या आणि ऐकत नव्हत्या.

"ही चौथीला माझ्याकडं होती," गुरुजी मला म्हणाले. "माझ्या नोकरीचं दुसरं वर्ष. गणितात तेहतीस पडले हिला. पस्तिसाला पास. मी तेहतीस लिहिले."

"बापानं शाळंतनं काडलं," मालनताई म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. "म्हनला, नापास पोरीला कोन शिकवतंय. गुरुजी आलं हुतं घरी, इचारायला. पन त्यो न्हाई ऐकला."

"नंतर गेलो," गुरुजी म्हणाले. "निकाल लागल्यावर."

फोनमधला आवाज अडकित्त्याबद्दल सांगत होता, तो मी बंद केला. गुरुजींनी टेबलावर हात टेकले आणि तो कागद माझ्याकडे सरकवला.

"बाई, ते बदला."

"गुरुजी, मी मदत केली. नियम आहे." मी आवाज खाली आणला, का ते माहीत नाही. मालनताई तिथेच उभ्या होत्या आणि त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. "आणि बदललं, तर किती होतात, ते तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय. सकाळपासून तेच करत बसलोय."

"मग?"

"नियम तेव्हाही होता," गुरुजी म्हणाले. "दोन मार्क द्यायला माझ्या बापाचं काय जात होतं? मुलगी हुशार होती. त्या दिवशी घाबरली, एवढंच. आजपण घाबरली." त्यांनी खिशातलं एक पेन काढून माझ्यापुढे धरलं, माझं माझ्या हातात असूनही. "लिहा."

मी लिहिलं नाही. निदान लगेच तरी नाही. मी त्यांच्याकडे बघितलं, मालनताईंकडे बघितलं, आणि मला स्वतःचा भयंकर राग आला. मी तो कागद वळवला नसता, नेहमीसारखी एक खूण केली असती, तर ही बाई हसत घरी गेली असती आणि हा माणूस उद्या सकाळी आंघोळ करून इथे आला असता. मला माझा आनंद आवरला नाही. इतक्या वर्षांत मी हे कितीदा मनात उलटसुलट करून पाहिलं. दरवेळी माझा हात तो कागद उचलतो.

शेवटी मी त्या शब्दावर रेघ मारली आणि पुढे पास लिहिलं. मालनताईंनी पुन्हा बोट लावून वाचलं. मग गळ्यातला टेप सारखा केला, गुरुजींच्या पाया पडायला वाकल्या, ते "राहू दे, राहू दे" म्हणत मागे सरले. जाताना त्यांनी मला सांगितलं की ब्लाउज शिवायचा असेल तर कापड टाका, तुमच्याकडनं काही घेणार नाही. पायरीवर चपला घातल्या, रस्ता ओलांडला, आणि दुकानात मशीनवर बसलेल्या सुनेला आम्हाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "पास झाले गं."

गुरुजी ते ऐकत दारात उभे होते. ती मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत तसेच उभे राहिले. मी कागद गोळा करत होते, हातांना काहीतरी काम हवं म्हणून एकच गठ्ठा दोनदा लावत होते.

"एकूण किती झाले, बाई?" त्यांनी विचारलं. दिवसभर बोटं मिटत बसलेल्या माणसाला ते ठाऊक नव्हतं असं नाही.

"सहा," मी म्हटलं.

"मग पास झालं तुमचं ॲप," गुरुजी म्हणाले, आणि आतल्या खोल्यांच्या खिडक्या लावायला निघून गेले.